राखण नसलेला विस्तव : लिंबू, कोंबडी आणि मंद आचेचा इतिहास

१/
सकाळी साडेआठला कोंबडी, कांदा, आले-लसूण आणि मीठ विजेच्या एका भांड्यात घालायचे, झाकण लावायचे आणि खोलीला कुलूप घालून निघून जायचे. संध्याकाळी परतल्यावर वरून लिंबू पिळायचे आणि जेवायला बसायचे. धाराशिवमध्ये भाड्याच्या खोलीत राहून पदव्युत्तर अभ्यास करताना गेले वर्षभर आठवड्यातून एकदा माझा हा स्वयंपाक चालतो. आजचा दीर्घ धागा या साध्या जेवणाविषयी आहे. हे भांडे कोठून आले, त्याआधी आपल्याकडे काय होते, आणि ज्याला आपण कौतुकाने ‘मंद आच’ म्हणतो तिच्यात लाकडांबरोबर आणखी काय जळत होते, ते पाहू.

२/
हे ‘स्लो कुकर’ नावाचे भांडे मी पहिल्यांदा कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी नेले, तेव्हा आत्या माहेरी आलेली होती. ती बराच वेळ काचेच्या झाकणातून आत पाहत राहिली. मग तिने विचारले, “मग विस्तवापशी बसतंय कोण?” मी म्हणालो, “कुणीच नाही, आत्या.” त्यावर ती काही बोलली नाही. तिच्या प्रश्नाचा अर्थ मला काही महिन्यांनी कळला. त्याकडे आपण पुढे येऊ.

३/
आधी यंत्राचा जन्म. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन नावाच्या संशोधकाने १९३६ मध्ये विजेवर मंद शिजवणाऱ्या भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४० मध्ये ते मंजूर झाले. त्याची प्रेरणा आईने सांगितलेल्या एका आठवणीत होती. लिथुआनियातील विल्ना शहरात त्याची आजी शुक्रवारी मांस, कडधान्ये आणि बटाटे यांचे भांडे गल्लीतल्या पाववाल्याच्या भट्टीत ठेवून येई. भट्टी विझत जाई, पण तिच्या उरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजत राही. ज्यू धर्मानुसार शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, विस्तव पेटवायचा नसतो. म्हणून ही युक्ती. या पदार्थाला चोलंट म्हणतात. पुढे ‘रायव्हल’ कंपनीने नॅक्सनचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हे भांडे बाजारात आणले. त्याच्या जाहिराती नोकरीसाठी दिवसभर बाहेर असणाऱ्या स्त्रियांना उद्देशून होत्या.

४/
थोडे विषयांतर, पण मराठी वाचकाने जाणून घ्यावे असे. शनिवारी काम न करणारे ज्यू आपल्याकडेही होते आणि त्यांची मातृभाषा मराठी होती. कोकणातील बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नावच दिले होते, ‘शनिवार तेली’. ज्या निर्बंधातून चोलंट जन्मला, तोच निर्बंध रायगडच्या किनाऱ्यावरही पाळला जात होता. विस्तव न पेटवण्याचा एक दिवस, एवढी साधी गोष्ट. पण तिने माणसांना एक वेगळा प्रश्न विचारायला लावले. विस्तवापाशी कोणी नसताना अन्न कसे शिजेल?

५/
हा प्रश्न नीट लक्षात ठेवावा, कारण समाजमाध्यमांवर नेहमी येणारे विधान येथेच घसरते. “स्लो कुकिंग तर आपल्या आज्या करीतच होत्या, पाश्चात्त्यांनी नवे काय केले?” आज्या मंद आचेवर शिजवीत होत्या, हे निर्विवाद. पण मंद आच आणि राखण नसलेली आच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा इतिहास हजारो वर्षांचा आहे. दुसरीचा फार लहान, आणि त्यातले एक महत्त्वाचे पान भारतीय आहे.

६/
ते पान १९१० सालचे आहे. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक (१८६९–१९१७) हे विलक्षण गृहस्थ होते. तत्त्वज्ञान, वकिली आणि वैद्यक या तिन्ही विद्यांमध्ये त्यांची गती होती. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात मातीची भांडी एकावर एक रचून वाफेवर महाप्रसाद शिजवला जातो, हे त्यांनी पाहिले. त्यावरून त्यांनी धातूचा एक उभा नळकांड्यासारखा कुकर बनवला. तळाशी जळत्या कोळशाचे लहान पात्र, त्यावर पाणी, आणि वर जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक कप्पे. एकात भात, एकात डाळ, एकात भाजी किंवा मांस. इंग्रजीतील ‘हायजेनिक’ आणि ‘इकॉनॉमिक’ या दोन शब्दांची टोके जोडून त्याचे नाव ठेवले ‘इकमिक कुकर’. सकाळी कोळसा पेटवून कचेरीला जावे. कोळसा आपोआप विझतो आणि परतल्यावर अन्न तयार असते.

७/
माझ्या मते इकमिकमधली खरी कल्पना वाफेची नाही. वाफ पुरीच्या स्वयंपाक्यांनाही माहीत होती. खरी कल्पना मोजलेल्या इंधनाची आहे. जेवढा स्वयंपाक तेवढाच कोळसा. तो संपला की विस्तव स्वतःहून थांबणार. ओढायला, सारायला, फुंकायला कोणी लागणार नाही. नॅक्सनचा पेटंट अर्ज याच्यानंतर २६ वर्षांनी आला.

८/
योगायोग असा की मराठीतील एक प्रसिद्ध पाकग्रंथ, लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’, त्याच १९१० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ आले होते. मराठी घरातला स्वयंपाक पुस्तकात उतरू लागला तो हा काळ. इकडे गृहिणीला हजार पदार्थ शिकवले जात होते आणि तिकडे इकमिक खपत होता मुख्यतः एकटे राहणारे नोकरदार, विद्यार्थी आणि प्रवासी यांच्यात. म्हणजे ज्यांच्या घरी रांधणारी स्त्री नव्हती त्या पुरुषांत. ज्या घरात स्त्री होती, त्या घराला राखण नसलेल्या विस्तवाची गरज कोणाला वाटली नाही.

९/
आता आपल्या जिल्ह्यात येऊ. धाराशिवच्या खेड्यातील मातीच्या चुलीला शेजारी एक उपचूल असे, तिला वैल म्हणतात. मुख्य चुलीतली आच आतल्या वाटेने वैलाकडे जाते. चुलीवर भाकरी होत असताना वैलावरच्या भगुण्यात डाळ, हुलगे किंवा क्वचित कोरड्यास रटरटत राहते. वेगळे सरपण लागत नाही. जळून गेलेल्या लाकडांचा आर आणि त्याखालचा फुफाटा हाही उष्णतेचा साठाच असतो. ही व्यवस्था अत्यंत हुशारीची आहे, यात शंका नाही.

१०/
पण आच मंद राहील की नाही, हे चुलीपेक्षा सरपण ठरवते, आणि सरपण शेती ठरवते. आपला भाग ज्वारीचा आणि तुरीचा. तूर निघाली की तुराट्या उरतात. तुराटी भडकन पेटते आणि बघता बघता विझते. तिच्यावर भाकरी छान होते, पण तीन तास काही शिजवायचे तर दर काही मिनिटांनी नवी मोळी पुढे सारावी लागते. ज्वारीच्या धसकटांचेही तसेच. बाभळीचे लाकूड चांगला आर धरते, पण ते मिळवायला कष्ट. गोवरी धुमसत राहते, धूरही तितकाच करते. स्वयंपाकाच्या पुस्तकात ‘मंद आचेवर दोन तास ठेवावे’ हे एक वाक्य असते. तुराट्यांच्या गावात त्या वाक्याचा अर्थ दोन तास चुलीपुढे उकिडवे बसणे असा होतो.

११/
भांड्याविषयी बोलायचे तर तेरला जावे लागेल. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून ज्या ‘तगर’चा उल्लेख येतो, ते हेच आपले तेर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या वस्तू पाहता येतात. आणि तेर हे संत गोरोबाकाकांचेही गाव. थापटणे घेऊन संतमंडळींची डोकी तपासणाऱ्या आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवणाऱ्या गोरा कुंभाराची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेतले तंत्र मात्र आपण विसरतो. नीट भाजलेले मडके वाजवून ओळखता येते, आणि तेच विस्तवावर टिकते. मातीचे जाड भांडे हळू तापते, हळू निवते. आच खालीवर झाली तरी आतल्या अन्नाला तो धक्का एकदम बसत नाही. नॅक्सनच्या यंत्रातही आत मातीचेच भांडे असते, हे येथे सांगायला हवे. (गोरोबांच्या माळकरी भक्तांची क्षमा मागतो, त्यांच्या गावचा उल्लेख कोंबडीच्या धाग्यात आला.)

१२/
हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे ‘दम’ हा फारसी शब्द आणि तंत्र आपल्याला परके नाही; दम म्हणजे श्वास, पुख्त म्हणजे शिजलेले. भांड्याच्या झाकणाची कड कणकेने लिंपून खाली-वर निखारे ठेवायचे. येथे एक प्रसिद्ध दंतकथा तपासून घेऊ. १७८४ च्या दुष्काळात लखनौचा नवाब आसफ-उद्दौला याने इमामवाड्याचे बांधकाम काढले, मजुरांसाठी मोठ्या डेगांमध्ये अन्न शिजत ठेवले आणि त्यातून ‘दम’चा शोध लागला, असे सांगितले जाते. गोष्ट सुंदर आहे. पण अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीसच, बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांच्या यादीत ‘दमपुख्त’ नावासह आणि मांस, तूप, मसाल्यांच्या वजनांसह नोंदलेला आहे. लखनौने दम लोकप्रिय केला असेल, शोधला नाही.

१३/
भांडे झाले, आता आतल्या कोंबडीकडे वळू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. तिच्यातील एकाच श्लोकात लसूण, गावठी कोंबडा आणि कांदा हे तिन्ही एकत्र येतात. आपल्या आजच्या पदार्थाचे मुख्य तीन घटक एका ओळीत निषिद्ध! इतिहासाच्या विद्यार्थ्याला निषेधाची यादी फार उपयोगी असते. जे कोणीच खात नाही, त्यावर बंदी घालण्याचे कारण नसते.

१४/
आणि या कोंबडीत दख्खनचा वाटा अक्षरशः रक्तातला आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा. पण तिच्या पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडून आलेले नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते राखी रानकोंबड्याकडून आले, जो फक्त भारतात, मुख्यतः द्वीपकल्पात आढळतो आणि सह्याद्रीत पहाटे आजही आरवतो.

१५/
मांस आणि आंबट रस यांची जोडी आपल्या परिसरात किती जुनी? उमरग्यापासून फार दूर नसलेले बसवकल्याण हे कल्याणीच्या चालुक्यांचे राजधानीचे शहर. तेथील राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘अन्नभोग’ नावाचे प्रकरण आहे. त्यात मांसाचे तुकडे किती आकाराचे करावे, त्यांना हिंग, आले, मिरी कशी लावावी, आंबट रस कधी घालावा, हे राजाच्या नावे तपशिलात सांगितले आहे. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा याच राज्यात होता. मात्र हा राजवाड्याचा स्वयंपाक. विस्तव सारायला तेथे माणसे होती.

१६/
लिंबाचा मांसात मुक्तहस्त वापर पाहायचा तर माळव्यातील मांडू येथे, १५०० च्या आसपास तयार झालेला ‘निमतनामा’ हा सचित्र फारसी ग्रंथ पाहावा. सुलतान गियासुद्दीन खलजी याच्या आवडीच्या पाककृती त्यात आहेत आणि लिंबाचा रस घालण्याची सूचना त्यात इतक्यांदा येते की वाचताना दात आंबतात. आता हा ग्रंथ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

१७/
लिंबू स्वतः संकराचे फळ आहे. आपले पातळ सालीचे कागदी लिंबू म्हाळुंग आणि आग्नेय आशियातील एका रानटी लिंबूवर्गीय जातीच्या संयोगातून निर्माण झाले, असे जनुकीय अभ्यास सांगतात. म्हाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातले मातुलुंग. मराठवाड्याचे या फळाशी अलीकडचे नातेही आहे; ‘विक्रम’ आणि ‘प्रमालिनी’ हे कागदी लिंबाचे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिले. तरीही आपल्या घरी भांड्यात पडे ती चिंच. ती बांधावरच्या झाडाची, वर्षभर टिकणारी. लिंबू ताटात, कांद्याच्या शेजारी फोड म्हणून. या सवयीमागे रसायनशास्त्र आहे. ते मला ग्रंथांतून नव्हे, एका कडू जेवणातून कळले. ते पाककृतीच्या वेळी सांगतो.

१८/
‘आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी कोंबडी’ ही कल्पनाच नवी आहे, हे माझ्या पिढीच्या लक्षात येत नाही. उस्मानाबादी शेळी ज्या जिल्ह्याच्या नावाने देशभर ओळखली जाते, तेथे सणावाराचे मांस म्हणजे बोकडाचे. कोंबडी पाहुण्यासाठी. अंडी देणे थांबलेली कोंबडी किंवा मोठा झालेला कोंबडा. दोन्ही चिवट, म्हणून तासन्‌तास शिजवणे भाग. त्यात तुळजाभवानीचा मंगळवार, कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, मग श्रावण, मग घटस्थापना. वार वजा करीत गेले की खाण्याचे दिवस थोडेच उरत.

१९/
ते बदलले ब्रॉयलरने. १९७१ मध्ये, म्हणजे अमेरिकेत क्रॉक-पॉट आला त्याच वर्षी, डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे पुणे तिचे केंद्र झाले. सुमारे सहा आठवड्यांत कापणीला येणारी कोंबडी तालुक्याच्या बाजारात मिळू लागली. तिला मंद शिजवण्याची गरजच नाही. वीस-पंचवीस मिनिटांत ती मऊ होते. म्हणजे चिवट कोंबडीसाठी घडलेले तंत्र, कोंबडीचा चिवटपणा गेल्यावर यंत्र होऊन आपल्याकडे आले! मग आज त्याचा उपयोग काय? उपयोग एवढाच, की ती वीस मिनिटेही उभे राहावे लागत नाही.

२०/
दरम्यान प्रेशर कुकर आला होता. हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही दोन्ही नावे भारतात १९५९ ची. त्याने सरपण आणि वेळ दोन्ही वाचवले, हे मान्य. पण शिट्ट्या मोजायला कान तेथेच ठेवावा लागतो. आणि आमच्या गावात तो घरोघर पोहोचायला पुढची कित्येक वर्षे गेली.

२१/
आता आत्याचा प्रश्न. दिवाळीत मी तिला पुन्हा विचारले, तेव्हा तिने सांगितले ते असे. १९७२ चा दुष्काळ. आजी-आजोबा दोघेही रोजगार हमीच्या कामावर, खडी फोडायला. आत्या नऊ वर्षांची, सर्वांत मोठी. आजी पहाटे भाकरी करून, वैलावर हुलग्याचे किंवा मिलोचे भगुणे चढवून निघे. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. ती शिजता शिजत नसे. आत्याला सांगून ठेवलेले असे : तुराटी पुढे सार, आटलं तर तांब्याभर पाणी घाल, कुत्रं येऊ देऊ नको, धाकट्याला जवळ जाऊ देऊ नको. धाकटा म्हणजे माझे वडील.

“शाळेची घंटा ऐकू यायची,” ती म्हणाली, “पण विस्तव सोडून कसं जावं?”

तिची शाळा तिसरीत सुटली. दुष्काळ पुढच्या वर्षी सरला. शाळा पुन्हा लागली नाही. माझे वडील दहावी झाले.

२२/
‘आजीच्या हातची मंद आचेवरची चव’ हे वाक्य मी स्वतः अनेकदा लिहिले आहे. त्या चवीमागे बऱ्याच घरांत एक मुलगी बसलेली होती, ते कोणत्याही पाकग्रंथात येत नाही, कारण पाकग्रंथात साहित्य असते, राखण नसते. सरकारी आकडा अलीकडचा आहे : २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७. त्यांपैकी किती मिनिटे निव्वळ विस्तवाकडे पाहण्यात जातात, हे त्यात वेगळे काढलेले नाही.

२३/
इकमिकच्या कल्पनेचा महाराष्ट्रातील वारस मात्र सांगायलाच हवा. इरावती कर्वे यांचे चिरंजीव, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या बनवण्याचे तंत्र विकसित केले. ऊस तोडल्यावर हेक्टरी सुमारे १० टन पाचट शेतात उरते आणि बहुधा तेथेच जाळले जाते. या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या कांड्यांसाठी संस्थेने ‘सराई’ कुकर तयार केला. स्टीलचा उभा डबा, तळाशी कोळसा, थोडे पाणी, वर तीन भांडी. सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर पाच माणसांचा भात, डाळ आणि भाजी किंवा मांस तासाभरात शिजते. कांड्या संपतात, विस्तव थांबतो, अन्न आत गरम राहते. मल्लिकांचे मोजलेले इंधन, फक्त आता पाचटाचे.

२४/
आणि हा ऊस तोडतो कोण? दसरा-दिवाळीनंतर बीड आणि धाराशिवमधून जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. फडात काम दोघांचे. रात्री कोपीपुढे तीन दगडांवर स्वयंपाक तिचा, आणि पहाटे पुन्हा तिचाच. भोवती पाचटाचे ढीग असतात. सराई मला आजवर एकाही कोपीत दिसलेला नाही. चांगले तंत्र निघणे आणि ते ज्याला हवे त्याच्या हाती पोहोचणे यांत किती अंतर असते, यावर एक स्वतंत्र धागा लिहिता येईल.

२५/
आता पाककृती, अनेकांनी मागितली होती. एक किलो हाडासह कोंबडीला मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे वाटलेले आले-लसूण चोळावे. तळाशी दोन कांदे जाड चिरून पसरावेत, वर कोंबडी, एक चमचा धनेपूड, दहा-बारा मिरी आणि अर्धी वाटी पाणी. जास्त नको, झाकणामुळे वाफ बाहेर जात नाही आणि कोंबडीलाही पाणी सुटते. कोंबडी गोठलेली नसावी. ‘लो’वर ब्रॉयलरला पाच-सहा तास पुरतात, गावरानला सात-आठ. मधे झाकण उघडू नये. प्रत्येक वेळी अर्ध्या तासाची उष्णता जाते. यंत्र साधारण २०० वॅटचे, म्हणजे दिवसाला एक-सव्वा युनिट. परतल्यावर चमचाभर येसर पाण्यात कालवून घालावी, काळा मसाला तेलात फुलवून वर ओतावा, १५ मिनिटे ठेवावे आणि मग बंद करून दोन लिंबांचा रस. कोथिंबीर आणि ज्वारीची भाकरी.

२६/
लिंबू शेवटीच का, त्याचे उत्तर मी पहिल्याच आठवड्यात खाल्ले. एका परदेशी चित्रफितीत पाहून लिंबाच्या चकत्या सकाळीच आत टाकल्या होत्या. संध्याकाळी रस्सा इतका कडू झाला की शेजारच्या खोलीतील मित्राने भाकरी चटणीशी खाल्ली. लिंबाच्या बिया आणि सालीखालचा पांढरा भाग यांतील कडवट द्रव्ये दीर्घकाळ शिजताना रसात उतरतात, आणि वरचा सुगंध तेवढ्या वेळात उडून जातो. ताटातली फोड ही म्हणूनच अडाणी सवय नव्हे. हवा असल्यास सालीचा फक्त पिवळा-हिरवा पापुद्रा किसून शेवटी घालावा.

२७/
यंत्र नसेल, किंवा वीज जाण्याची भीती असेल, तर १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेकरांनी मांडलेली युक्ती वापरता येते. त्यांनी आतून जाड उबदार अस्तर लावलेली पेटी दाखवली होती. आपण जाड बुडाच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात रस्सा १५-२० मिनिटे खळखळून उकळावा, भांडे झाकणासकट दोन गोधड्यांत गुंडाळून खोक्यात ठेवावे. ब्रॉयलर दोन-अडीच तासांत शिजते. उघडल्यावर रस्सा चटका बसेल इतका गरम हवा. कोमट झाला असेल तर मांस फार वेळ तसे राहू देणे धोक्याचे. खाण्यापूर्वी पुन्हा उकळी आणावी.

२८/
संक्रांतीला आत्या धाराशिवला एका लग्नासाठी आली आणि रात्री माझ्या खोलीवर उतरली. भांडे सकाळीच लावून ठेवले होते. तिला घेऊन मी दिवसभर बाहेर होतो. परतल्यावर तिने आधी झाकणावर हात ठेवून पाहिला, मग चप्पल काढली. जेवताना म्हणाली, मीठ कमी आहे.

तुमच्या घरी वैलाला काय म्हणत असत, आणि त्यापाशी कोण बसत असे? परांडा, भूम, वाशी, लोहारा, उमरगा भागातील वाचकांनी जरूर कळवावे. शब्द आणि आठवणी जमवतो आहे.